देवाला टेप लावणारे आप्पा

आप्पांनी देवाला टेप लावला तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. त्याआधी महिनाभर मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते, आणि हा म्हातारा नुसता तिरसट आहे एवढंच मला वाटत होतं.

संक्रांतीचा दिवस होता. वाशी हे तालुक्याचं लहान गाव; तिथं आमच्या गल्लीच्या तोंडाशी भैरोबाचं लहानसं देऊळ आहे. ज्यांना सोनारीला काळभैरवापर्यंत जाणं जमत नाही ते इथंच नारळ फोडतात. मी तिथं झाडलोट करायची, पूजेची भांडी घासायची. गाभाऱ्यात नाकाडोळ्यांची मूर्ती अशी नाही. कमरेएवढा दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, आणि शेंदरावर मेणानं चिकटवलेले दोन चांदीचे डोळे. त्या डोळ्यांकडं मी सरळ कधी बघितलं नाही. भांडी उचलायला आत गेले तरी नजर खाली ठेवायची.

आप्पा आले. चपला पायरीखाली काढल्या, हात जोडले नाहीत, खिशातून टेप काढला आणि वाकून देवाच्या पोटाला, मग गळ्याला गुंडाळला. टेप समोरच्या चाचांचा होता. चाचा शिंपी. ते दुकानातूनच ओरडले, "आप्पा, अंगरखा शिवायचा असंल तर माप मी घेतो! तुमच्या मापावर कापड जाया होईल!"

गुरव म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू. तो हात झटकत म्हणाला, "अवं, देव हाय त्यो! पोतं न्हाय!"

"तूच म्हणतोस ना, देव दर संक्रांतीला तिळभर वाढतो? म्हटलं तीळ केवढा हाय ते बघावं." आप्पांनी टेपवर अंगठा दाबला. "गेल्या सालापेक्षा दोन सूत, पाव इंच. देव न्हाय रे, शेंदूर वाढतोय. तूच थापतोस आन् तूच म्हणतोस वाढला."

"वाढला तर खरा ना पण?" गुरव म्हणाला.

आप्पांनी टेप गुंडाळला. "व्हय," ते म्हणाले, "वाढला खरा." आणि वहीत दोन सूत लिहिलं.

मी केरसुणी हातात धरून खांबाला टेकून उभी होते. आता काहीतरी पडणार, फुटणार, म्हणून वाट बघत होते. काहीच झालं नाही. त्यानं भीती कमी झाली नाही, उलट वाढली. झालं असतं तर संपलं असतं.

आप्पा सरकारी मोजणीदार होते. सगळी नोकरी या भागातल्या बांधांवर गेली. शेताची मोजणी करायची, खुणा ठोकायच्या, दोन्हीकडच्या शिव्या ऐकायच्या. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली होती, बायको गेली होती, मुलगा पुण्याला होता. पण हातातली मोजणी सुटली नव्हती. भाकरी किती बोटं जाड आहे ते सांगायचे. कुणी काहीही सांगायला आलं की त्यांचं एकच ठरलेलं: "मोजलंय का?" पाऊस कमी झाला, पोरगी वाळली, दूधवाला पाणी घालतो, काहीही. "मोजलंय का? न्हाय? मग बोलू नका."

त्यांच्या घरात देव नव्हते. देवांच्या कोनाड्यात मोजणीची जुनी साखळी गुंडाळून ठेवलेली. खंडेनवमीला मात्र तिच्यावर झेंडूचं फूल असायचं. चाचांनी छेडलं की म्हणायचे, "हत्यार हाय ते." आणि एक होतं. सकाळी फिरायला निघाले की देऊळ नेहमी उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचे.

"आप्पा, तुमची तर रोज प्रदक्षिणा होते," चाचा म्हणायचे.

"वाट तशीच हाय."

"तो वाट बदलो ना, साहब! डावीकडूनपण रस्ता हाय की."

आप्पा वाट बदलायचे नाहीत.

माझं माहेर चंद्रपूरकडं, जंगलाला लागून. सातवीत शाळा सुटली. नवरा पवनचक्कीवर वॉचमन. काम पठारावर, आठ-आठ दिवस तिकडंच. मी दीड वर्षाची पोरगी घेऊन परक्या मुलखात एकटी. इथलं बोलणं वेगळं, पाणी वेगळं. मला कशाचीही भीती वाटायची. खोली बघायला गेले तेव्हा आप्पांनी आधी विचारलं, "देव मानतेस का?"

"हो जी."

"मानतेस का भितेस?"

मला फरक कळेना. मी म्हटलं, "दोन्ही एकच नाही का जी?"

ते इतके हसले की खोकला लागला. मग भाडं किती, डिपॉझिट किती, काहीच न बोलता किल्ली दिली. "जी" मात्र त्यांनी धरून ठेवलं. मला हाक मारायची तर म्हणायचे, "ए जी पोरी!"

पहिल्याच थंडीत पोरीला ताप भरला. मी लिंबू उतरवून उंबऱ्यावर ठेवलं आणि रडत बसले. आप्पा दारात आले, लिंबाकडं बघितलं. मला वाटलं, आता लाथ मारतात. ते पुढच्या चौकातून डॉक्टरला स्कूटरवर घेऊन आले. डॉक्टर लिंबू ओलांडायला कचरला, तेव्हा आप्पाच म्हणाले, "राहू द्या ते. त्यानं ताप वाढत न्हाय." पोरगी बरी झाली. खोकला मात्र राहिला, छातीत घरघर. औषधाची बाटली संपली तरी राहिली.

आणि इथंच माझ्या हातून ते झालं.

माझी आई देवापुढच्या दिव्याचं तेल आमच्या छातीला लावायची. ती मागून घ्यायची. मी मागितलं नाही. परकी बाई, कामाला ठेवलेली, कुणाला मागू? सकाळी भांडी उचलताना गाभाऱ्यातल्या समईतून औषधाच्या बाटलीचं टोपण भरून घेतलं. पोरगी त्या दिवशी झोपली. मग पुन्हा घेतलं. दर वेळी वाटायचं, ते चांदीचे डोळे माझ्या पाठीवर आहेत.

पुढं दोन महिन्यांनी ते डोळेच गेले.

चैत्रातली यात्रा चार दिवसांवर होती. गुरवानं देवाला नवा शेंदूर थापला. त्याची रीत अशी: आधी डोळे काढून ताटात ठेवायचे, तेलात कालवलेला शेंदूर हातानं थापायचा, तो बसला की डोळे पुन्हा चिकटवायचे. त्या दिवशी शेंदूर थापून झाला आणि बघतो तर ताटात डोळे नाहीत. ताट मधेच मी घासायला नेलं होतं. मी नेलं तेव्हा त्यात काही नव्हतं. पण हे सांगणारी मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात पंच बसले. गल्ली सगळी जमली. आमच्या गावाकडं पोलिसांना बोलावतात. इथं आधी बेलभंडार. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा देवापुढून उचलायचा, तळहातावर धरायचा आणि बोलायचं. खोटं बोललं तर वर्षाच्या आत घरावर येतं. सगळ्यांना कुणाकुणाचं काय झालं ते ठाऊक होतं, आणि ते सगळे मला सकाळपासून सांगत होते.

गुरवानं आधी उचलला. रडत म्हणाला, "म्या माझ्या हातानं ताटात ठेवलं. खोटं असंल तर माझी दृष्टी जाईल."

मग पंचांतले थोरले अण्णा मला म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नको. तू पण उचल. 'देवाच्या गाभाऱ्यातलं काडीचंही घेतलं न्हाय', एवढं म्हण आन् मोकळी हो."

काडीचंही. डोळे मी घेतले नव्हते. पण तेल? उचलला तर खोटा पडणार, आणि तो पडणार कुणावर? पोरगी माझ्या कडेवर होती, माझ्या गळ्यातली पोत चघळत. नाही उचलला तर मी चोर. काम जाणार, खोली जाणार, नवऱ्याची नोकरीही. तेलाचं सांगावं तर म्हणतील, जिनं तेल घेतलं तिनं चांदी सोडली का? माझा हात उठेना.

"बघा, हात उठंना," मागून बायका म्हणाल्या.

चाचा आप्पांना बोलवायला कधी पळत गेले मला कळलं नाही. आप्पा आले ते अर्ध्या गालाला साबण, अर्धी दाढी झालेली, खांद्यावर टॉवेल.

"हिचा हात का उठत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"चोराचा उठत नसतो, आप्पा."

"चोराचाच उठतो. उभी हयात बांधावर गेली माझी. ज्यानं बांध सरकवला तो आधी पळत येतो, बेल कुठाय म्हणून. आन् ज्याला खरं भ्या असतं त्याला सांडलेलं मीठपण आठवतं. तुमच्या या जाळ्यात भित्रं माणूस अडकतं, चोर निसटतो."

"मग आमी काय करावं?"

"हिच्या जागी मी उचलतो."

लोक हसले. अण्णाही हसले. "आप्पा, तुमी देवाला टेप लावणारं माणूस. तुमी मानत न्हाय. तुमच्या भंडाऱ्याचा काय भरवसा?"

"मी मानत न्हाय. तुम्ही मानता ना? खोटा उचलला तर वर्षात वाटोळं होतं, अशी तुमची खात्री हाय ना?"

"हाय तर!"

"मग मी माझा जीव तुमच्या खात्रीवर ठेवतो. माझी खात्री मधी कशाला पायजे?"

चाचा हळूच म्हणाले, "बात तो सही है."

आप्पा गाभाऱ्यात गेले. बेल उचलला, भंडारा घेतला. मी ओरडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, आप्पाजी, थांबा, ते शब्द म्हणू नका. मी पोरीला घट्ट धरून उभी राहिले. ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "या पोरीनं देवाच्या गाभाऱ्यातलं काडीचंही घेतलेलं न्हाय. खोटं असंल तर माझ्यावर." त्यांचा तळहात हलत होता. भंडारा बोटांच्या फटीतून खाली पडत होता. म्हातारपणामुळं असेल.

त्या दिवसापासून वर्ष सुरू झालं.

मी त्यांच्यावर नजर ठेवून राहिले. त्यांना शिंक आली तरी मी दाराशी जाऊन बघायची. रात्री भिंतीपलीकडं त्यांचा खोकला थांबला की वाटायचं, का थांबला? त्यांच्या वाटेतले खडे मी उचलायची, नळाखालचं शेवाळ घासायची. माझी एक चूक, आणि तिचं ओझं त्या माणसानं न विचारता डोक्यावर घेतलं होतं. गल्लीही बघत होती. ओट्यावर त्यांच्या शेजारी बसणारे दोन म्हातारे आता समोरच्या ओट्यावर बसायला लागले. भाद्रपदात ते स्कूटरवरून घसरले आणि मनगट मोडलं. "लागला," लोक म्हणाले. "लागला भंडारा."

मी हळदीचं दूध घेऊन गेले. हाताला प्लास्टर होतं. मी रडायलाच लागले, तेव्हा म्हणाले, "गेल्या साली ह्याच वळणावर घसरलो व्हतो. तेव्हा वाळू व्हती म्हणाले. औंदा शाप म्हणतात. वाळू तीच हाय."

"तुम्ही मला विचारलंपण नाही जी," मी म्हटलं, "डोळे घेतले का म्हणून."

"विचारून काय झालं असतं? घेतले असते तरी तू न्हाय म्हणाली असतीस, नसते घेतले तरी न्हायच. मग त्यातनं मला काय कळणार?"

"मग उचलला कशाला?"

त्यांनी दूध पिऊन टाकलं. "साखर जास्त झालीय," म्हणाले.

त्यांनीच मला दोन भावांची गोष्ट सांगितली होती. एका बांधासाठी दोघांनी एकाच देवाची शपथ घेतली, दोघांनी बेल उचलला. साखळी लावली तर बांध दोघांच्याही म्हणण्यात बसेना, तिसरीकडंच निघाला. "दोघंही खोटं बोलत नव्हते," आप्पा म्हणायचे. "बापाच्या पाठीमागं चालून चालून दोघांना बांध तिथंच दिसायचा. शपथेत लबाडी सापडंल एखाद्या वेळी. चूक सापडत न्हाय."

पुढच्या संक्रांतीला टेप लावला तर पोटाला दोन सूत वाढ, पण गळ्यापाशी सात. गुरव हरखला: देव प्रसन्न झाला! आप्पांनी दोनदा मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या, वहीत लिहिलं आणि विसरले.

चैत्र पुन्हा आला. वर्ष भरायला अकरा दिवस उरले होते. ते मी बोटांवर मोजत होते. भर दुपारी मी मंडप झाडत होते आणि गाभाऱ्यात धप्प आवाज झाला. वाटलं, अकरा दिवस आधीच आला. कशीबशी उंबऱ्यापर्यंत गेले. देवाच्या गळ्यापासून पोटापर्यंतचं शेंदराचं कवच सुटून खाली पडलं होतं. आत काळा दगड, ओला असल्यासारखा चमकत. आणि त्या पडलेल्या लादीच्या आतल्या अंगाला, शेंदरात रुतलेले, माझ्याकडं बघणारे दोन चांदीचे डोळे.

मी किंचाळले. सगळी गल्ली आली.

गेल्या चैत्रात उन्हानं मेण सुटलं होतं आणि डोळे घसरून गळ्याच्या खोबणीत जाऊन बसले होते. अधू नजरेच्या गुरवानं देवाचं कपाळ चाचपलं, डोळे हाताला लागले नाहीत; वाटलं, आपण रोजच्यासारखे काढून ताटात ठेवले. इतकी वर्षं ठेवत आला होता, हातांनाच आठवत होतं. आणि त्यानं त्यावरच शेंदूर थापला. बिचारा माझ्या पायाशी वाकायला लागला, मी मागं सरले. दुसऱ्याच दिवशी तो माफी मागायला सोनारीला गेला. मला पंचांनी साडी-नारळ दिला. लोक म्हणाले, बघा, वर्षाच्या आत देवानं खरं-खोटं केलं.

अण्णांनी गाभाऱ्यात कॅमेरा बसवला. आप्पा म्हणाले, "देव बघतो म्हणता, मग ह्यो कशाला?" तर गुरव म्हणाला, "देव बघतो, पण सांगत न्हाय. ह्यो सांगतो." आप्पांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी त्याला चहा पाजला.

पण घरी आले की वही मांडीवर. "सात सूत," एकदा म्हणाले. "आकडा माझ्यापाशी होता. देवाच्या गळ्यात डोळे अडकलेत हे टेप सांगत होता, आन् मी लिहून ठेवलं नुसतं."

सगळे सुटले होते. मी सुटले नव्हते. भंडारा डोळ्यांचा नव्हता, काडीचा होता, आणि नऊ दिवस बाकी होते. त्या दुपारी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. तेल, टोपण, पोरीची छाती, सगळं. वाटलं, आता खोली सोडायला सांगतील.

त्यांनी चष्मा काढला. "किती?"

"जी?"

"किती टोपणं?"

"तीन," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. गेल्या चैत्रानंतरच्या प्रत्येक तारखेवर पेन्सिलीची बारीक रेघ होती. मागचं वर्ष खिळ्याला तसंच अडकवलेलं, त्यावरपण.

"काही होत न्हाय हे मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तरी रोज सकाळी उठलो की रेघ मारतो. हात आपोआप जातो. त्या गुरवागत." ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. माझ्यासारखीच भीती होती. वर्षभर भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकच दिवस मोजत होतो.

"ते टोपण हाय का अजून?"

होतं. त्यांनी घरातली तेलाची बाटली घेतली आणि आम्ही भर उन्हात देवळात गेलो. कॅमेरा सोडून कुणी नव्हतं. आप्पांनी टोपण डोळ्यांपुढं धरून रेघेपर्यंत भरलं आणि समईत ओतलं. एक. थेंब सांडू दिला नाही. दोन. तीन. मी टोपण घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग काही न विचारता चौथं टोपण भरलं आणि ओतलं.

"हे कशाला जी?" मी विचारलं.

"बांध कोरलेला माणूस कबूल करतो तेव्हा एक हात कमी सांगतो," आप्पा म्हणाले. "सगळेच. ते धरूनच मोजायचं असतं." आणि टोपण पुसून माझ्या हातात दिलं.

नऊ दिवस गेले. दहावा उजाडला आणि ते ओट्यावर बसून भाकरीची बोटं मोजत होते.

दोन वर्षांनी नवऱ्याला कच्छात पवनचक्कीवरच काम मिळालं आणि आम्ही इकडं आलो. परवा चाचांचा फोन आला. आप्पा चहा पिऊन आडवे झाले ते उठले नाहीत. ऐंशीच्या घरात होते. फोन ठेवला आणि मी रडायच्या आधी बोटं मोजली: भंडारा उचलल्याला किती वर्षं? सहा. वर्षाच्या आत नाही. त्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, मोजलंस, बरं केलंस.

मग पोरगी शाळेतून यायच्या आत मी जुना डबा उघडला आणि ते टोपण काढून तळहातावर ठेवलं. तळहात हलत होता. त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

चारच होती, आप्पाजी.